आठवी खुर्ची

काकू लेंपी गेल्याचं मेरीटला एप्रिलमध्ये कळलं. फोन ठेवल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो खुर्चीचा. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. मग ती रडली.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला. थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे आभार मानायच्या सणाचं, जेवण नेहमीसारखं लेंपीच्याच घरी होतं. तिच्या नवऱ्यानं, आर्वोनं, सगळ्यांना तसं फोन करून बजावलं होतं.

त्यांच्या स्वयंपाकघरातलं मोठं टेबल आठ जणांचं. नववी खुर्ची ठेवली तर ओव्हनचं दार उघडत नसे. म्हणून उरलेले सगळे खिडकीखाली, पत्ते खेळायच्या घडीच्या टेबलावर, मुलांबरोबर. मोठ्या टेबलावरचं कोणी कमी झालं की वयानं पुढचा माणूस तिथं जायचा. मेरीट त्रेचाळीस वर्षांची होती, गावच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि अजून गुडघे पोटाशी घेऊन पत्त्यांच्या टेबलावरच जेवत होती. अकरा वर्षांपूर्वी एक खुर्ची रिकामी झाली, ती तिच्या चुलतभावाला, डेलला मिळाली. डेल तिच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा.

डेल आज शिकारीवरून थेट आला होता, नारिंगी जॅकेट घालूनच.

"हरीण कुठंय?" आर्वोनं विचारलं.

"त्यांनाही आज सुट्टी आहे."

मेरीटच्या आईनं, इंगानं, भाजलेल्या सलगमाचं भांडं आणलं होतं. टर्की आर्वोनं जन्मात पहिल्यांदाच भाजली होती. एक बाजू करपली होती. ती त्यानं भिंतीकडे करून ठेवली होती.

सगळे बसले. मोठ्या टेबलावर एक खुर्ची उरली. मेरीट खिडकीकडे गेली आणि सात वर्षांच्या टेसाशेजारी अंग चोरून बसली.

"मेरीट," डेल ओरडला, "बालवाडी सोड आता!"

"मला इथंच बरं आहे."

"अगं, अकरा वर्षं माझं डोकं खाल्लंस खुर्चीसाठी!"

"डेल, गप बस," इंगा म्हणाली. "आणि ती चटणी खाली ठेव. अजून सुरुवात झालेली नाही."

"मेरीट नाही येणार," टेसानं सगळ्यांना सांगून टाकलं. "मग आम्हाला मांस कोण कापून देणार?"

आर्वो रश्श्याचं भांडं घेऊन त्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"मेरीट, ये गं."

"नको, काका. यंदा राहू दे रिकामी."

"आठ ताटं मांडलीत मी."

मेरीट उठली, पण जागची हलली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"काका, ती गेल्याचं कळलं ना, तेव्हा माझ्या मनात आधी खुर्ची आली. लेंपी नंतर आली. म्हणून मी तिथं बसणार नाही."

 

आर्वोनं भांडं खाली ठेवलं. त्याचे खांदे हलायला लागले. इंगा त्याला धरायला अर्धी उठली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की तो हसतोय.

"अगं, ती स्वतःच म्हणाली होती!" त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मार्चमध्ये, हॉस्पिटलात. डॉक्टर सगळं सांगून बाहेर गेला, आणि ही मला म्हणते, चला, मेरीटची सोय झाली एकदाची. पोरीच्या गुडघ्यांकडे बघवत नव्हतं मला."

डेलनं क्रॅनबेरीची चटणी चोरून तोंडात टाकलीच होती. ती नाकातून बाहेर आली. इंगा "देवा रे" म्हणाली आणि रुमालात तोंड लपवून हसायला लागली. मेरीटला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं.

"उशी काढू नकोस, असंही म्हणाली. खुर्ची टोचते," आर्वो म्हणाला.

मेरीट येऊन बसली. उशी असूनही खुर्ची टोचत होती. तिथून डेल दिसत नव्हता, टर्कीही निम्मीच दिसत होती. समोर फक्त पत्त्यांचं टेबल होतं. टेसा तिच्याकडे बघून जीभ काढत होती.

"काका, इथून तर नुसती मुलंच दिसतात."

"मग? लेंपीनं काय उगाच निवडली होती ती जागा?" आर्वो म्हणाला. "चला, हात धरा."

दोन्ही टेबलांनी हात धरले आणि माना खाली घातल्या. आभार मानायला सुरुवात त्या खुर्चीवर बसणाऱ्यानं करायची असते. मेरीटनं घसा साफ केला. तेवढ्यात डेल फिसकन हसला. इंगानं त्याला कोपर मारलं आणि तीच हसली. मेरीटनं पुन्हा तोंड उघडलं, तर या वेळी आर्वोलाच आवरेना.

रश्श्यावर साय धरली. आभार मानायचे अजून राहिलेच होते.