खंडेनवमीची डिस्क

“काका, डिस्क काढा,” कांचन म्हणाली. “आता तिच्याशिवाय गती नाही.”

हिंदी मुलखातल्या बाग सेवनिया वस्तीतल्या मराठी मंडळाचा कॉम्प्युटर सकाळीच बसला होता. काळा पडदा, वर एक पांढरी रेघ, बस्स. कांचनच्या पहिल्या नाटकाचा शेवटचा अंक त्यात अडकला होता, कालच नव्याने लिहिलेला. संहिता संध्याकाळपर्यंत स्पर्धेच्या कचेरीत पोचली नाही, तर नाटक बाद. नोकरी सांभाळून लिहिलेलं नाटक. तिला रडूच येत होतं.

मंडळाचे चिटणीस जयंतराव मात्र निवांत होते. कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी फार पूर्वीच एक रेस्क्यू डिस्क करून ठेवली होती. कॉम्प्युटर मेला तरी तिच्यावरून सुरू होतो आणि आतलं सामान बाहेर काढता येतं, हे ते प्रत्येक सभेत सांगत. डिस्कला हात मात्र कुणाला लावू देत नसत. ती चालते का ते एकदा बघू या, असं कांचन म्हणाली होती, तेव्हा ते उखडले होते. “विमा उतरवला म्हणून कुणी मरून बघतं का?”

त्यांनी कपाटातून डबी काढली, कपाळाला लावली आणि उघडली. डिस्कच्या चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाचा जाड थर होता. त्यात अक्षता चिकटलेल्या.

“काका, हे काय?”

“खंडेनवमी! शस्त्रपूजा नको? मंडळात दुसरं शस्त्र आहेच कुठलं?” जयंतराव अभिमानाने म्हणाले. “आणि बघ, नाव लिहिलंय त्या बाजूला बोटसुद्धा लावलेलं नाही. नाव खराब होऊ नये म्हणून दर वर्षी कोऱ्या बाजूलाच लावतो.”

डिस्क वाचली जाते ती त्याच कोऱ्या बाजूने, हे इंजिनिअरसाहेबांना समजावायला कांचनला वेळ नव्हता. ती नळाकडे पळाली.

“अगं, पूजा धुतेस?”

तिने साबण लावून पूजा धुतली, ओढणीने डिस्क टिपली आणि देवाचं नाव घेऊन आत सरकवली. कॉम्प्युटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मग पडद्यावर उजेड आला. तिने अंक पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, तो काढून टेबलावर ठेवला, मशीन बंद केलं आणि जिवात जीव आला तशी व्हरांड्यात धावली. नाटकाचा नायक तिथे ताटकळत होता.

“प्रतीक, बाइक काढ! प्रिंट काढायला जायचंय!”

“अभी निकालता हूँ, ताई!”

आत जयंतरावांचे डोळे भरून आले होते. “इतक्या वर्षांच्या पूजेचं फळ,” ते पुटपुटले.

कांचन परत आली, तेव्हा ते हात जोडून उभे होते. गणपतीच्या तसबिरीपुढची कुंकवाची कुयरी टेबलावर उघडी होती. शेजारी पेनड्राइव्ह. त्यावर चिकटवलेलं नाटकाचं नाव त्यांनी याही वेळी जपलं होतं. ओलं कुंकू त्यांनी पुढच्या चकचकीत तोंडात भरलं होतं.