संध्याकाळपर्यंत एक कोरियन पोशाख

“हे कापड नव्हे, गोणपाट आहे,” असं म्हणत राजाराम मास्तरांनी तो पिवळट तागा परत ढकलला. “आमच्या गावी यात सुपाऱ्या भरतात.”

रुपालीने तो पुन्हा पुढे सरकवला. “मास्तर, ह्याचंच शिवायचंय. आजच. संध्याकाळी पाचपर्यंत.”

रुपाली मागच्या चाळीतली. कोरियन कंपनीत दुभाषी म्हणून लागली होती. तिच्याबरोबर एक वयस्कर कोरियन गृहस्थ होते, बेक साहेब. सकाळच्याच विमानाने आले होते आणि हे गोणपाट तिकडून स्वतः घेऊन आले होते. डोळे लालभडक. विमानात फुकटची ढोसली असणार, हे मास्तरांनी ठरवूनच टाकलं.

“यांच्या मुलासाठी हवंय,” रुपाली म्हणाली. “आमच्याच ऑफिसातला.”

तिने कागदावरचं चित्र पुढे केलं. घोळदार विजार, छातीवर नाडीने बांधायचा आखूड सदरा, वर पायापर्यंत झगा. त्यांच्याकडचा पुरुषांचा जुना पोशाख म्हणे. मास्तरांना शिसारी आली. परळ नाक्यावर चाळीस वर्षं त्यांनी सफारी आणि सूट शिवले होते. आता हिंदमाताच्या फुटपाथवर ‘कोरियन, कोरियन’ ओरडत ढगळ पँटी विकतात आणि त्यांचा स्वतःचा नातू अनिश असली पँट घालतो, जिच्यात अख्खं बिऱ्हाड मावेल.

“माप?”

रुपालीने पिशवीतून एक काळा कोट काढला. नव्या फॅशनचा, खांदे कोपरापर्यंत लोंबणारे. मास्तरांनी तो दोन बोटांत धरला.

“हा कोट आहे की तंबू? मुलालाच घेऊन ये.”

“त्याला यायला नाही जमणार.”

“आणि ट्रायल?”

“ट्रायल नको, मास्तर. फक्त ते सांगतायत तस्संच करा. बाह्या हाताच्या पुढे चार बोटं. खिसा नाही. आणि धाग्याला गाठ मारायची नाही.”

“गाठ नाही मारली तर उसवेल ना गो!”

“एकदाच तर घालायचंय.”

एकदाच! श्रीमंतांची थेरं. मास्तरांच्या तोंडाची चवच गेली. ते नाही म्हणणारच होते, तेवढ्यात रुपाली म्हणाली, “हिंदमाताच्या दोघा शिंप्यांनी नाही म्हटलं. तुम्ही तरी घ्या.”

“त्यांना धड काजं तरी करता येतात का? ठेव इथे.”

बेक साहेबांनी कमरेत वाकून नमस्कार केला. वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. नाटकं, असं पुटपुटत मास्तरांनी कात्री उचलली.

दिवसभर त्या कापडाने त्यांचा जीव घेतला. बोटं खरवडली, मशिनवर भुसा साचला, शिंकून शिंकून नाक लाल झालं. त्यात ओल्या गवताचा कसला तरी वास. जेवताना डब्यातल्या बांगड्यालाही तोच वास यायला लागला, तेव्हा त्यांनी डबा तसाच बंद केला.

पण खरा वीट आला तो झगा टांगल्यावर. बाह्या लोंबत होत्या, खिसा नाही, शिवण बिनगाठीची. असलं ध्यान आपल्या दुकानातून बाहेर पडणार? उद्या कोणी विचारलं, कोणी शिवलं, तर? एखादा पोरगा हे घालून चार लोकांत जाणार, त्याला हात तरी बाहेर काढता आले पाहिजेत. मोबाइल तरी ठेवता आला पाहिजे. शिंप्याने गिऱ्हाइकाचं ऐकावं, पण त्याचं हसं होऊ देऊ नये, हा मास्तरांचा जुना नियम होता.

त्यांनी बाह्या चांगल्या सहा बोटं छाटल्या. टोकं दुमडून झकास पट्टी मारली. प्रत्येक शिवणीला पक्की गाठ घातली. झग्याला आतून सुबक खिसा लावला. वर कडक इस्त्री. आता कुठे तो माणसाचा कपडा दिसू लागला.

पाचला दोघं आले. बेक साहेबांनी झगा दोन्ही हातांवर घेतला. बोटं बाहीवरून सरकत टोकाशी आली आणि तिथेच थांबली. ते रुपालीकडे बघत राहिले.

“मास्तर, बाह्या कापल्या तुम्ही?”

“तर! हात मोकळे नकोत? आणि हा बघ, खिसापण दिलाय, फुकट. सांग साहेबांना, पोरगा खूश होईल.”

रुपालीने त्याचं भाषांतर केलं नाही.

“मास्तर,” ती म्हणाली, “साडेपाचला शवागारातून त्याची बॉडी मिळणार आहे. त्याला हेच घालून न्यायचंय.”