तेराशेचं इंजिन

आईला माझं नाव आठवेनासं झालं होतं. पण संध्याकाळी बाबांची जुनी फियाट वळणावर आली, की तेवढा आवाज ती ओळखायची आणि उठून चहाचं आधण ठेवायची. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. गाडी मी चालवायचो, आणि बाबांच्या कपातला चहाही मीच प्यायचो.

तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेताना आंबोली घाटात गाडी तिसऱ्यांदा थांबली. परत आल्यावर मी गॅरेजवाल्या दस्तगीर मिस्त्रींना म्हटलं, हिची ताकद वाढवा. त्यांनी इंजिनातला, पिस्टनना जोडलेला जुना क्रँक काढून लांब स्ट्रोकचा बसवला. “आता पिस्टन जास्त अंतर धावणार. अकराशे सीसीचं इंजिन तेराशेचं झालं बघा,” ते म्हणाले.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी आई चहाला उठलीच नाही. गाडीचा आवाज जाड, भरदार झाला होता. ती खिडकीतून परक्या गाडीकडे बघावं तशी बघत राहिली.

सकाळी मी परत गॅरेजला गेलो. “जुनाच क्रँक बसवा.”

“तो भंगारात गेला, साहेब,” मिस्त्री म्हणाले. “तसला दुसरा मिळेल. पण तो आवाज चाळीस वर्षांच्या झिजेचा होता. तो कुठून आणू?”

संध्याकाळी मी अंगणात गाडी लावली. आई दारात येऊन उभी राहिली, तसा मी घाईने उतरलो.

“अहो, गाडी जरा बाजूला घ्या,” माझ्यामागच्या रस्त्याकडे बघत ती म्हणाली. “आमच्या ह्यांची यायची वेळ झाली.”

मी गाडी बाजूला घेतली.