दिव्यामागची तार

अण्णांच्या जुन्या मोटारीचे हेडलाइट मिणमिणत, त्यामुळे अंधार पडायच्या आत घर गाठावं लागे. त्यांच्या मेकॅनिक बालमित्राने बल्ब बदलले, काचा घासल्या आणि शेवटी हात टेकले. "म्हातारी झाली रे ती, किती छळशील?"

तो परगावी गेला, तेव्हा अण्णांनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथल्या कारागिराने दिव्यामागून एक बारीकशी तार ओढून काढली. "काका, ही कुणीतरी मुद्दाम घातलीय. उजेड कमी पडावा म्हणून."

मित्र परतताच अण्णांनी ती तार त्याच्या पुढ्यात टाकली. "पन्नास वर्षांची दोस्ती आपली. असं का वागलास?"

मित्राने तार उचलून खिशात टाकली.

"तुझ्या डोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते आता वहिनींनाच विचार."