कोणता भीम

“ये भीम कौन है रे? पार्टीवाला है क्या?” अप्पारावांनी विचारलं.

दौलत कंपनीच्या या मालकांच्या टेबलासमोर उभा होता. टेबलावर त्याचं कायम झाल्याचं पत्र पडलं होतं, सहीविना. हैदराबादेत, कुकटपल्लीच्या या कॉम्प्युटर कंपनीत तो सहा महिने राबत होता. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या मागून जायचा. तिकडे नांदेडला मालनबाईंनी पोरगा कायम झाला म्हणून अख्ख्या वस्तीत पेढेही वाटून टाकले होते. आयांना कुठे धीर असतो?

घोटाळा सोमवारी झाला. कंपनीला पहिल्यांदाच अमेरिकेचं काम मिळालं होतं आणि तिथला गोरा साहेब ऑफिस बघत फिरत होता. तेवढ्यात दौलतच्या टेबलावरचा फोन वाजला. आईचा होता. दौलत नेहमीसारखा खणखणीत आवाजात ‘जय भीम’ म्हणाला. साहेबाने थबकून विचारलं, ही कसली घोषणा? कोणीतरी पुटपुटलं, पॉलिटिक्स. बुधवारी अमेरिकेहून फॅक्स आला. कामाच्या जागी राजकीय घोषणा चालणार नाहीत. देवाधर्माला हरकत नाही.

“नक्को रे पॉलिटिक्स,” अप्पाराव म्हणाले. “गोरा साब गरम हो रा. बोल, कौन भीम?”

दौलतने तोंड उघडायच्या आतच शेजारी उभे असलेले विवेक आपटे बोलले. ते मूळचे पुण्याचे, कंपनीची नोकरभरती तेच बघायचे. ‘जय भीम’चा अर्थ त्या केबिनमध्ये दौलतखेरीज फक्त त्यांना ठाऊक होता.

“सर, महाभारतवाला भीम. पांडव.”

अप्पारावांचा चेहरा उजळला. “भीमुडु? गदावाला?”

आपटे दौलतकडे झुकले आणि हळूच मराठीत म्हणाले, “हो म्हण. पत्र आत्ता हातात पडेल. बाबासाहेबांना काय फरक पडतोय?”

आपल्या चांगुलपणाने आपट्यांना अगदी भरून आलं होतं.

दौलतच्या आज्याने गावात ‘जोहार’ घालायचं सोडून ‘जय भीम’ म्हणायला सुरुवात केली होती. त्यापायी चावडीपुढे मार खाल्ला, उजवा हात कायमचा वाकडा झाला, पण शब्द सोडला नाही. त्याच घरात दौलत ‘आई’च्या आधी ‘जय भीम’ बोलायला शिकला होता. हे सगळं त्याला त्या क्षणी आठवलं. पेढेही आठवले.

“हौ साब,” तो म्हणाला. “गदावाला.”

“अरे, पहले कैकू नै बोला?” म्हणत अप्पारावांनी पत्रावर सही ठोकली.

अप्पाराव मनाने वाईट नव्हते. भाविक होते. पुढच्या सोमवारी सकाळी त्यांनी दौलतच्या खुर्चीमागे खिळा ठोकून घेतला, खांद्यावर गदा घेतलेल्या भीमाची तसबीर टांगली, स्वतः हार घातला. मग सगळा स्टाफ गोळा करून म्हणाले, “इत्ती अच्छी बात ये अकेला कैकू बोलता? आज से सब बोलेंगे.”

सगळ्यांनी ऐकलं. दारावरचा वॉचमन हात जोडून बोलला. टायपिस्ट मुली खिदळत बोलल्या. आपटे तर येता-जाता डोळा मिचकावून बोलत होते.

त्या दिवसापासून अख्खं ऑफिस ‘जय भीम’ म्हणू लागलं. एकटा दौलत तेवढा मान खाली घालून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा.