निर्यातीचा माल

कंटेनर आवारात शिरताना दिसला आणि बायकांनी टाळ्याच वाजवल्या. दोन महिने फॅक्टरीत शर्टाची एक बाहीही शिवली गेली नव्हती. परदेशातलं मोठं गिऱ्हाईक रुसलंय, मनधरणी चाललीय, एवढंच कानावर होतं. आता रिकामा कंटेनर आला, म्हणजे गोदामात पडून असलेला माल जाणार. माल जाणार म्हणजे काम येणार.

"बघ, म्हटलं नव्हतं?" कॉलरवालीनं लेकीला कोपरानं ढोसलं. उभा जन्म ती कॉलरीच शिवत आली होती, म्हणून सगळे तिला कॉलरवालीच म्हणत. नवरा तिथंच फिटर. मागल्या वर्षी लेकीला कॉलेजातून काढून बटणाच्या मशीनवर आणून बसवलं, तेही तिनंच. "शिकून कुठं दिवे लावणार आहेस? निर्यात वाढतेय, गाव वाढतंय. इथं चिकटलीस की जन्माची ददात मिटली."

आणि गाव वाढलं होतं, खोटं नाही. पिकाऊ जमिनीवर फॅक्टरी आली. मग रस्ता आला, भाड्याच्या खोल्या आल्या, खोल्यांवर मजले चढले.

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही.

"गिऱ्हाइकाला दुसऱ्या देशात शिलाई स्वस्त पडतेय. मालकांनी मशीनं तिकडे विकलीत. तीच भरायचीत. जपून, ओरखडा पडता कामा नये."

म्हातारा इस्त्रीवाला तेवढा हसला. "म्हणजे साहेब, ही पण निर्यातच की! यंदाही देश पुढं जाणार म्हणायचा."

"कागदोपत्री निर्यातच आहे," मॅनेजर पुटपुटले आणि आत गेले.

दुपारपर्यंत अर्धा हॉल ओकाबोका झाला. मशीनं हलली तिथं फरशीवर स्वच्छ चौकोन उरले. लेक बटणांच्या टोपलीशी बसून होती.

"आई, कॉलेजात मला परत घेतील?"

कॉलरवालीला ऐकू आलं. ती आपलं मशीन पुसत राहिली.

फिटरनं बोल्ट सोडवले. दोघांनी मिळून मशीनची मुंडी टेबलावरून उचलली, आडवी केली. तळाला, तेलाच्या काळ्या थराखाली, कुणीतरी सुईनं अक्षरं कोरली होती. तिनं पदरानं घासून बघितलं. अक्षरं वळणदार होती, जिवापाड जपून काढलेली. आपल्या भाषेतली नव्हती.

"हे काय हो?"

"नाव असेल कुणा बाईचं. बऱ्याच मशीनांखाली आहेत तशी."

"आपल्याकडं आली तेव्हा नवीकोरी होती ना?"

"नवी कुठली? परदेशातली कुठलीशी फॅक्टरी मोडली, तेव्हा आपल्याकडं आली. मला वाटलं, तुला माहीत असेल."

ती बराच वेळ त्या अक्षरांवर बोट ठेवून उभी राहिली. गेटापाशी वाजलेला बँड तिला आठवला. मशीनं उतरली त्या दिवशी सगळं गाव तिथं लोटलं होतं. आपण नव्या साडीत, पहिल्या रांगेत होतो.

मग तिनं मुंडी कापडात गुंडाळली, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तशी, आणि लाकडी पेटीत ठेवली. फिटरनं झाकण बसवलं, हातोडा उचलला.

"अहो," ती म्हणाली, "खिळे बेतानं ठोका. मशीन पुढं धाडायला तिथल्या बायकांनाही हीच पेटी लागेल."