ग्रुपवरचा आवाज

"कामाले ढिला होता म्हना, उशिरा ये म्हना, मी तोंड नाई उघडनार. पन नकली औषध इकते म्हनता, शेठजी? माह्या नावानं?"

मुकेशनं काउंटरवर हात आपटला. याच काउंटरच्या मांगं उभं राहून त्यानं शेतकऱ्यायले फवाऱ्याची औषधं इकली होती. आता तो समोरच्या कृषी केंद्रात लागला, अन् अर्धं गिऱ्हाईक त्याच्या मांगं गेलं. ओमप्रकाश शेठले तेच झोंबलं.

"हळू बोल ना बे. नोकर सोडून गेला का मालक दोन शब्द बोलतेच."

"दोन शब्द? व्हाट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला तुमचा आवाज अख्ख्या देवळीत फिरून राह्यला. मुकेशच्या नकली औषधानं कवडूची कपाशी गेली म्हनून. माहे वकील म्हनते, सरळ बदनामीची केस हाये."

"कर ना मंग. खाय तारखा."

"कपाशी काऊन गेली, तुमाले मालूम नाई?"

शेठ पंख्याकडं पाहाले लागला. त्याले सारं मालूम होतं. कवडूनं ज्या पंपानं धुऱ्यावरच्या गवतावर तणनाशक मारलं, तोच पंप न धुता कपाशीवर चालवला. पानं भेंडीच्या पानावानी झाली. शेठ सोता आंजीले कवडूच्या वावरात जाऊन आलता, पंप हुंगून आलता.

"मंग तेच बोला ग्रुपवर. आत्ता. माह्यासमोर."

"अन् कवडूले काय सांगू? तुह्याच हातानं गेली म्हनून?" शेठ हासला. "सारा हंगाम गेला त्याचा. कोनावर तरी राग काढनच ना तो."

"माह्यावर काऊन?"

शेठचा फोन वाजला. कवडूच होता. संग गावची पोरं, सारे एकदम बोलत होते, मांगं चार-पाच गाड्यायचा आवाज. मुकेश त्या समोरच्या दुकानात नाई, तुमाले दिसला का, असं इचारत होते.

शेठनं फोन कानाले घट्ट दाबला. एक डाव मुकेशकडं पाह्यलं.

"हव," तो म्हने. "इथंच हाये."

तिकून फोन कटला.

"कोन होतं?"

"गिऱ्हाईक." शेठ उठला. आपली खुर्ची त्यानं मुकेशकडं सरकवली. "बस. उभा काऊन हायेस? तुह्यं बरोबर हाये, पोरा. चुकलंच माह्यं. बोलतो मी ग्रुपवर, खरं ते बोलतो."

मुकेशचा राग एकदम उतरला, लहान पोरावानी. त्याले वाटलं नव्हतं इतक्यात आयकन म्हनून. तो खुर्चीवर टेकला. पाठ रस्त्याकडं.

"आभार तुमचे, शेठजी."

शेठनं गल्ल्याले कुलूप लावलं, गाडीची चाबी घेतली. चपला घालता घालता बोलला,

"चहा सांगतो तुह्यासाठी. दुकान पाह्यजो जरासं. मले आता निंगा लागते."